बेलापूरच्या रिक्षावाल्या दादांचे आणि आणखी दोघांचे मनापासून आभार

उन्हाळी सुट्टीत शासन आणि नेतृत्व या विषयावरच्या युवा शिबिराला गेले होते. पहिल्याच सकाळी ठाण्याहून पनवेल लोकलने बेलापूरला उतरले, रिक्षा केली आणि फाइल रिक्षातच राहिली. अर्ज, आईच्या सहीचं संमतीपत्र, सगळं त्यात. दादा, अर्ध्या तासाने तुम्ही परत येऊन ती वॉचमनकाकांकडे दिलीत. मी धावत बाहेर येईपर्यंत निघूनही गेला होतात. नाव विचारायचंही राहिलं.

स्वयंपाकघरातल्या मावशी, तुमचे किती आभार मानू! अभिरूप महासभेत, म्हणजे महापालिकेच्या सभेच्या नकलेत, मला पाणीपुरवठ्यावर बोलायचं होतं आणि घशाला कोरड पडली होती. कांदे चिरता चिरता तुम्ही माझं भाषण दोनदा ऐकलंत. म्हणालात, "कलमं मागाहून सांग गं, आधी नळाला पाणी किती वाजता येतं ते सांग." मी तशीच सुरुवात केली. शहरांच्या कारभाराला घटनेत स्थान देणारी १९९२ची ७४वी घटनादुरुस्ती, नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांच्या यादीतले, म्हणजे बाराव्या अनुसूचीतले १८ विषय, त्यातलं पाणी, हे सगळं नंतर. सभागृह अगदी शांत होऊन ऐकत होतं.

आणि महसुली, म्हणजे रोजचा कारभार चालवायचा खर्च कुठला, भांडवली, म्हणजे टिकाऊ कामांवरचा कुठला, हे माझ्या वहीत रेघा मारून समजावणारे निवृत्त काका, ते पान मी जपून ठेवलंय.