नायट्रोजनच्या टाकीवाल्या अण्णांना

नमस्कार अण्णा,

तुम्ही स्वतः मोबाईलवर फार वाचत नाही, पण कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच म्हणून इथं लिहितोय. आमच्या खानापूर साईडच्या गावात तुम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात, मोटरसायकलच्या मागं ती पातळ म्हणजे द्रव नायट्रोजनची टाकी बांधलेली दिसली की कुणाची तरी म्हैस भरवायचीय हे बारक्या पोरांनाही कळतं. मी तोच फौंड्रीतला, ज्यानं मे महिन्यात आमच्या गोठ्यात तुम्हाला विचारलं होतं की अण्णा यातलं लिटरभर नायट्रोजन मला द्याल काय, घरी पोरांना प्रयोग दाखवायचाय.

"ब्याड तम्मा." नको रे भावा, एवढंच कानडीत म्हणालात. मला राग आला होता, खरं सांगतो. मग तुम्ही टाकीत पट्टी बुडवून वर काढलीत, तिच्यावर बर्फ कुठवर धरलाय ते बोटानं दाखवलंत आणि सांगितलंत की पातळी फार खाली गेली तर आतल्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या मेल्या, वरून बघून काही कळत नाही, कळतं ते तीन आठवड्यांनी म्हैस परत माजावर आली की, आणि तोवर त्या शेतकऱ्याचे दिवस वाया गेलेले असतात. त्या टाकीतला एक थेंब मला दिला नाहीत त्याबद्दल पहिले आभार.

दुसरे आभार कॉम्प्रेसरबद्दल. तुम्ही नाही म्हटल्यावर मी जुन्या फ्रीजचे दोन कॉम्प्रेसर आणले होते, हवा दाबून दाबून घरीच पातळ, म्हणजे द्रव, करू म्हणून, आणि पुढच्या खेपेला तुम्ही ते बघून आईसमोरच मला थांबवलंत. नंतर मी नीट वाचलं. दाबलेली हवा बारीक भोकातून सोडली की गार होते हे खरं, पण एका बारला (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब) जेमतेम पाव डिग्री, म्हणजे फ्रीजच्या कॉम्प्रेसरच्या 15 बारला चार डिग्रीसुद्धा नाही. लिंडे नावाच्या जर्मन इंजिनिअरनं 1895 साली हे जमवलं ते 200 बारच्या आसपास दाब घेऊन, आणि गार झालेली हवा आत येणाऱ्या हवेच्याच पाईपवरून परत फिरवून, म्हणजे प्रत्येक फेरीला आणखी गार. शिवाय हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साईड आधी काढावा लागतो, नाहीतर त्याचाच बर्फ होऊन पाईप तुंबतो, आणि तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरजवळ ऑक्सिजन साठला तर भडका उडतो. हे सगळं माझ्या घरात, जिथं आई चूल पेटवते तिथं होणार होतं.

आणि मग तुमचा एकुलता एक सुट्टीचा रविवार तुम्ही मला दिलात. तुमची ती जुनी तीन लिटरची टाकी, दोन भिंतींमधला व्हॅक्यूम कमजोर झाल्यामुळं बाहेरून दव धरणारी, कांड्यांना चालत नाही पण एका दिवसाला पुरेल म्हणालात, ती घेऊन बेळगावात गॅसवाल्याकडं गेलो. बंद गाडीत नको म्हणून मोटरसायकलवरच, टाकी उभी बांधून, झाकण नुसतं ठेवलेलं, कारण एका लिटरचा जवळपास 700 लिटर वायू होतो आणि त्याला वाट लागतेच. खोलीत नाही, अंगणात करायचं हेही तुमचंच, नायट्रोजनला वास नाही, ऑक्सिजन कधी कमी झाला ते कळतच नाही.

अण्णा, त्या संध्याकाळी तुम्ही लवकर गेलात म्हणून सांगतो. फुगा आकसला, शेवंतीचं फूल काचेसारखं फुटलं, ते सगळं झालंच. पण पातळ अल्युमिनियमच्या डब्यात उणे 196 डिग्रीचं ते ओतल्यावर डब्याच्या बाहेरच्या बाजूनं थेंब गळायला लागले. पोरं म्हणाली पाणी. मी पेटलेली उदबत्ती लांब चिमट्यात धरून थेंबाखाली नेली आणि तिचं टोक एकदम पांढरं भडकलं, कारण ऑक्सिजन उणे 183 लाच पातळ होतो, आपल्या अंगणातल्या हवेतलाच तो. फ्रान्समध्ये लुई कायते नावाच्या माणसाला डिसेंबर 1877 मध्ये हाच ऑक्सिजन नळीत क्षणभर धुकं होऊन दिसला होता, तेवढ्यावर तो जगात गाजला, आणि तोही लोखंडाच्या कारखान्यातलाच माणूस. माझ्या पुतणीनं तो थेंब टपकताना बघितला ओ अण्णा. ती रात्रभर झोपली नाही, मीही नाही.

टाकी पूर्ण रिकामी होऊन साध्या गारव्याला आली, आतून कोरडी झाली, आता माळ्यावर उभी ठेवलीय, आडवी नाही. आमची म्हैस गाभण राहिलीय, त्याच तुमच्या कांडीनं, सातवा महिना चाललाय. व्याली की खरवस, तुमचा गिण्ण, आणि टाकी दोन्ही घेऊन येतो, रविवार सोडून.

तुमचा,
तम्मा