आधी लघवीची बाटली, मग गोळी

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, "एवढं जंतूंवर काम करतेस, मग नवं औषध कधी निघणार?" नव्या अँटिबायोटिकला वर्षानुवर्षं लागतात. आमचं रोजचं काम त्याच्या अलीकडचं: आहेत त्यांतलं कोणतं अजून लागू पडतं ते शोधायचं. त्याची निम्मी भिस्त घरी भरलेल्या बाटलीवर असते, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पुन्हा लघवीला जळजळ किंवा ताप आला तर पहिली गोळी घेण्याआधी कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून तपासण्यासाठी, लघवी द्या. एक डोस पोटात गेला तरी कधीकधी जंतू उगवत नाहीत, रिपोर्ट कोरा येतो आणि दुखणं तसंच राहतं. बाटली लॅबचीच निर्जंतुक हवी, औषधाची धुतलेली नको. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडायची, मधली धरायची. दहा-वीस मिली पुरे. झाकणाला आतून बोट लागू देऊ नका.

मग खरी घाई. दोन तासांत बाटली लॅबमध्ये पोचली पाहिजे. यावलहून जळगावला एसटीने नेताना, तेही मे महिन्यात, ती पिशवीत तापत राहिली तर? लघवीच्या इन्फेक्शनमध्ये नेहमी सापडणारा ई. कोलाय हा जंतू पोषक उबेत साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. कातडीवरून आलेले मिलीमागे हजार जंतू त्या वेगाने दोन तासांत 64,000 होतात, तीन तास वीस मिनिटांत दहा लाखांवर जातात. एका मिलीत एक लाख म्हणजे सहसा इन्फेक्शन धरतात. आजार नसताना रिपोर्ट बिघडतो तो असा. उशीर होणारच असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि नेताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी घाला. अशी 24 तास चालते.

लॅबमध्ये ठरल्या मापाच्या लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, 0.001 मिली लघवी जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढतात. रात्रभरात जंतूंचे शंभर ठिपके उठले तर मिलीला एक लाख. मग तीन-चार ठिपके सलाइनमध्ये कालवून ठरावीक गढूळपणा आणायचा, ते म्युलर-हिंटन आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) स्वॅबने सारखं पसरायचं आणि वर औषध मुरवलेल्या 6 मिमीच्या कागदी डिस्क ठेवायच्या. औषध चालत असेल तर 16 ते 18 तासांनी डिस्कभोवती स्वच्छ गोल दिसतो. आगर 4 मिमी जाडच हवं. जास्त ओतलं की गोल आकसतो आणि चांगलं औषध विनाकारण निकामी ठरतं.

ज्याचा गोल मोठा ते औषध भारी, असं मात्र धरू नका. ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधाला 26 मिमीचा गोल लागतो, 22 पुरत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन या दुसऱ्या औषधाला 17 पुरतात. औषध आगरमध्ये किती पसरतं आणि अंगात किती पोचतं, हे दर औषधाचं वेगळं. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतंच. ताप, पाठीत कळ किंवा रक्तात वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कमी चालत असल्याची खूण) असेल तर डॉक्टर दुसरं देतील. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून तो घेऊन पुन्हा दाखवायला जायचंच, बरं वाटलं तरी.

आई, तुझ्या लघवीत जंतू निघाले पण जळजळ नाही, ताप नाही, तर गोळी मागू नकोस. उतारवयात, बायकांमध्ये तर जास्तच, जंतू त्रास न देता तिथे राहतात. नुसत्या वासावर अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. घेतलं की साधे जंतू मरतात आणि औषधावर तोड असलेले उरतात. ही तोड ते शेजारच्या जंतूलाही देतात. खरं इन्फेक्शन झालं की मग हाताशी औषध उरत नाही, मला त्याचीच काळजी वाटते.

बाबा, कपाशीच्या करप्यावर पंपात टाकतात ते स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, माणसांचीच औषधं. केळीच्या हरण्यावर ते कुणी सुचवलं तर ऐकू नका. हरण्या विषाणूचा आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही; मावा ही कीड तो पसरवते. रोगट झाड उपटून नष्ट करा आणि मावा आवरा.

डब्यातल्या उरलेल्या पट्ट्या शेजारी कुणाला देऊ नका. जुने कल्चर रिपोर्ट मात्र तारखेप्रमाणे एका फायलीत लावा आणि दर वेळी सोबत न्या. मागच्या खेपेला ज्याच्यासमोर 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू दाद देत नाही) होतं, ते औषध डॉक्टरांना आधीच बाजूला ठेवता येईल.

तुमची लेक