माइनस्वीपरमधले नशीब आणि तर्क

विश्रामबाग, सांगली
१८ जुलै

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तुमच्याकडे कोयनेच्या पाणलोटात पाऊस लागून राहिला की इकडे सांगलीत जो तो आयर्विन पुलाजवळची पातळी विचारू लागतो, पण अजून तरी काळजीचे कारण नाही आणि घरी सर्व क्षेम आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. नातवाने घरच्या संगणकावर माइनस्वीपर लावून दिला, तू काही डाव खेळलास, प्रत्येक वेळी सुरुंग फुटला आणि ‘हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, डोके चालवायला त्यात वाव नाही’ असे तू लिहिलेस. दुसऱ्या कोणी हे लिहिले असते तर मी सोडून दिले असते. तू मात्र साताऱ्यात इतकी वर्षे मुलांना गणित शिकवलेस. हा खेळ तुझ्याइतका जवळचा दुसऱ्या कोणाला वाटू नये, असे मला मनापासून वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

पटावर सगळी घरे बंद असतात, त्यांतल्या काहींत सुरुंग दडलेले असतात आणि सुरुंग नसलेली सर्व घरे उघडली की डाव जिंकला, एवढे तुला ठाऊक आहेच; पण आकड्यांचा अर्थ नीट कोणी सांगितला नसावा असे तुझ्या वर्णनावरून दिसते. उघडलेल्या घरात जो आकडा येतो तो त्या घराला चिकटलेल्या आठ घरांत, म्हणजे चार बाजूंच्या आणि चार कोपऱ्यांच्या घरांत मिळून, किती सुरुंग आहेत ते सांगतो. कडेच्या घराला असे शेजारी पाचच असतात आणि कोपऱ्यातल्या घराला तीन. आकडा नसलेले कोरे घर उघडले तर त्याच्या शेजारी एकही सुरुंग नाही हे नक्की असते, म्हणून संगणक आजूबाजूची घरे आपणहून उघडत जातो आणि एका क्लिकमध्ये मोठे मैदान मोकळे होते. संशयित घरावर माउसच्या उजव्या बटणाने निशाण लावता येते. नियम एवढेच आहेत. पुढे जे काही घडते ते या आकड्यांना एकमेकांशेजारी ठेवून वाचल्यामुळे घडते.

एक नमुना सांगतो, तो कागदावर काढून बघ. डावीकडे भिंत आहे, म्हणजे पटाची कड. खालची ओळ पूर्ण उघडलेली आहे आणि तिच्या वरची ओळ बंद आहे. वरच्या बंद घरांना भिंतीपासून क, ख, ग अशी नावे दे. क च्या खाली १ आहे आणि ख च्या खालीही १ आहे. पहिल्या १ ला फक्त क आणि ख ही दोनच बंद घरे लागतात, तेव्हा त्यांपैकी एकात सुरुंग आहे. दुसऱ्या १ ला क, ख आणि ग अशी तीन घरे लागतात; पण त्याचा एकुलता एक सुरुंग क किंवा ख मध्ये आधीच ठरला आहे. म्हणजे ग निर्धोक आहे. सुरुंग क मध्ये आहे की ख मध्ये, हे आपल्याला अजून ठाऊक नाही, आणि तरीही ग बिनधास्त उघडता येते. सगळे कळलेले नसतानाही एक गोष्ट पूर्ण खात्रीने कळू शकते, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मला जो आनंद झाला तो मी अजून विसरलेलो नाही.

दुसरा नमुना भिंतीपासून दूरचा आहे. आता बंद घरे ओळीने क, ख, ग, घ अशी धर. ख च्या खाली १ आणि ग च्या खाली २ आहे. १ ला क, ख, ग लागतात. २ ला ख, ग, घ लागतात. ख आणि ग ही दोन्ही घरे १ च्या हद्दीत असल्यामुळे त्यांत मिळून एकापेक्षा जास्त सुरुंग असूच शकत नाही. मग २ चा दुसरा सुरुंग येणार कुठून? तो घ मध्येच असला पाहिजे. आणि तसे असेल तर ख आणि ग मध्ये मिळून नेमका एक उरतो, त्याने १ ची मोजणी पुरी होते आणि क मोकळे ठरते. बँकेत दोन खतावण्यांची बेरीज जुळेना की आम्ही समान नोंदी दोन्हीकडून वगळून फक्त उरलेला फरक पाहत असू. इथेही तीच वजाबाकी आहे. सरावाने हे नमुने डोळ्यांत बसतात. १-२-१ अशी ओळ दिसली की सुरुंग दोन्ही १ च्या समोर आणि २ च्या समोरचे घर मोकळे. १-२-२-१ अशी दिसली की सुरुंग दोन्ही २ च्या समोर. पण हे पाठ करू नकोस. वरच्यासारखी समीकरणे मांडलीस तर दोन्ही निष्कर्ष तुझे तुलाच मिळतील, आणि तुला ते जास्त आवडेल.

तू म्हणशील की पहिलाच क्लिक तर आंधळाच असतो ना. तो आंधळा असतो, पण जुन्या विंडोजमध्ये पहिल्या क्लिकला सुरुंग कधीच फुटत नाही. तिथे सुरुंग निघालाच तर संगणक तो उचलून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे हलवतो. शिवाय तो क्लिक कुठे करावा यातही विचार आहे. सर्वांत अवघड पातळीवर ३० गुणिले १६, म्हणजे ४८० घरे असतात आणि त्यांत ९९ सुरुंग, म्हणजे साधारण पाच घरांमागे एक. कोपऱ्यातल्या घराला तीनच शेजारी असल्यामुळे ते कोरे निघून मैदान उघडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. मधल्या घराला आठ शेजारी असल्यामुळे तीच शक्यता सहा-सात वेळांतून एकदा, इतकी खाली येते. तू पहिला क्लिक नेहमी पटाच्या मध्यभागी करतोस असे लिहिले आहेस, तेव्हा एवढा बदल आजच करून पाहा.

तू थेट या अवघड पातळीवरच जाऊन बसलास, हेही मला पटले नाही. जुन्या आवृत्तीत सोप्या पातळीवर ८ गुणिले ८ च्या पटात १० सुरुंग असतात आणि मधल्या पातळीवर १६ गुणिले १६ च्या पटात ४०. गुणोत्तर काढशील तर दोन्हीकडे अगदी सारखी दाटी आहे, फक्त पट चौपट मोठा. अवघड पातळीवर मात्र दाटीच वाढते, आणि दाटी वाढली की कोरी मैदाने आकसतात आणि अडून बसण्याच्या जागा वाढतात. मधली पातळी चांगली हातात बसेपर्यंत पुढे जाऊ नये असे माझे मत आहे.

आता तुझ्या आक्षेपातला जो खरा भाग आहे तो. काही डावांत शेवटी अशी जागा येते की जिथे दोन घरांत एक सुरुंग आहे आणि तो कोणत्या घरात हे सांगणारा एकही आकडा कुठे नाही. तिथे डोके कितीही चालवले तरी निम्मी शक्यता निम्मीच राहते. हे मी मान्य करतो. अशी जागा ओळखता आली की तिच्यापुढे वेळ दवडू नये, जे घर निवडायचे ते लगेच निवडून मोकळे व्हावे. परंतु निम्म्या-निम्म्या दिसणाऱ्या सगळ्याच जागा तशा नसतात, आणि माझ्या या पत्राचे मुख्य कारण तेच आहे.

असे समज की दोन १ आहेत. त्यांच्यात एक बंद घर सामाईक आहे, आणि त्याशिवाय प्रत्येकाकडे एकेक स्वतंत्र बंद घर आहे. मांडण्या दोनच शक्य आहेत: एक तर सामाईक घरात एकच सुरुंग आहे आणि तो दोघांचेही काम भागवतो, नाही तर दोन्ही स्वतंत्र घरांत एकेक सुरुंग आहे. बहुतेक जण इथे दोन शक्यता पाहून बरोबरीचा कौल लावतात. पण पहिल्या मांडणीत एक सुरुंग खर्च होतो आणि दुसरीत दोन. पटाचा न पाहिलेला भाग अजून मोठा असेल, तर उरलेले सुरुंग तिथे किती प्रकारांनी ठेवता येतात ते मोज. अवघड पातळीवर सुरुंग आणि मोकळी घरे यांचे प्रमाण सुमारे एकास चार आहे, म्हणून एक सुरुंग कमी लागणारी मांडणी जवळजवळ चौपट संभाव्य ठरते. म्हणजे सामाईक घरात सुरुंग असण्याची शक्यता सुमारे ८० टक्के, आणि कोणतेही एक स्वतंत्र घर उघडलेस तर ते निर्धोक निघण्याची शक्यताही तेवढीच. नाणेफेक वाटणाऱ्या जागी पाचांत चार असा कौल मिळतो, आणि तो कोणत्याही आकड्यात लिहिलेला नसतो. तू वर्गात संयोगांची गणिते शिकवत असशील, तेव्हा हे तुला माझ्यापेक्षा नेमकेपणाने मांडता येईल.

गणितज्ञांनीही या खेळाकडे गांभीर्याने पाहिले आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे रिचर्ड के यांनी २००० साली असे सिद्ध केले, की कितीही मोठा पट दिला असता त्यावरच्या आकड्यांशी सुसंगत अशी सुरुंगांची मांडणी अस्तित्वात आहे की नाही हे ठरवणे ‘एनपी-पूर्ण’ प्रश्नांच्या गटात मोडते, म्हणजे उत्तर समोर आले तर ते तपासणे सोपे, पण ते शोधण्याची झटपट रीत अजून कोणालाच माहीत नाही अशा कठीण प्रश्नांच्या गटात. त्यांनी आकड्यांच्या रांगांतून संगणकातल्यासारख्या तारा आणि तर्कद्वारे (लॉजिक गेट) रचून दाखवली. असा प्रश्न झटपट सोडवणारी सार्वत्रिक रीत आहे की नाही, या कोड्याला त्याच वर्षी क्ले गणित संस्थेने दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. आपल्या ४८० घरांच्या पटावर त्याने फरक पडत नाही, तिथे माणूस नेटाने वाचत गेला की पुरे होते. पण ज्यात डोके चालवायला वाव नाही अशा खेळावर असे काम होईल का, याचा तूच विचार कर.

हा खेळ रॉबर्ट डॉनर आणि कर्ट जॉन्सन यांनी लिहिला. मायक्रोसॉफ्टने तो १९९० साली खेळांच्या एका संचात दिला आणि १९९२ पासून विंडोज ३.१ बरोबर घरोघर पोहोचवला. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये सुरुंगांऐवजी फुले निवडण्याची सोय आली. प्रत्यक्ष भूसुरुंगांनी जिथे माणसांचे हातपाय जातात तिथल्या लोकांना सुरुंगांचे चित्र खेळात बघवणार नाही, तेव्हा ती सोय मला योग्यच वाटते. सुरुंगांच्या जागी फुले आली तरी वजाबाकी तीच राहते.

मी मात्र अजून जुनी आवृत्तीच खेळतो. बटण दाबून धरले की वरच्या पिवळ्या चेहऱ्याचे तोंड गोल उघडते, सोडले की तो पुन्हा हसरा होतो आणि डाव जिंकला की काळा चष्मा लावतो. लाल आकड्यांत एकीकडे उरलेले सुरुंग आणि दुसरीकडे सेकंद, ९९९ पर्यंत. सेकंदांकडे मी पाहत नाही. उरलेल्या सुरुंगांच्या आकड्याकडे मात्र शेवटी आवर्जून पाहावे, कारण दोन मांडण्यांत सुरुंगांची संख्या वेगळी असेल तर अखेरचा निकाल तोच आकडा देतो. आणि अंदाजाने उघडावे लागणे तुला अगदीच सहन होत नसेल, तर नातवाला सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह उतरवून द्यायला सांग. तो मोफत आहे, आणि त्यातला सुरुंगांचा पट पहिल्या क्लिकपासून शेवटपर्यंत केवळ तर्काने सुटेल असाच तयार केलेला असतो. नशिबाचा प्रश्नच तिथे उरत नाही.

एक पट तुझ्यासाठी लिहून पाठवतो. डावीकडे भिंत, खालची ओळ सगळी उघडलेली, वरची सगळी बंद. भिंतीपासून खालचे पाच आकडे १, २, २, २, १ असे आहेत. सहाव्यापासून पुढचे मी मुद्दाम सांगत नाही. वरच्या पहिल्या सहा घरांपैकी एकावर निशाण लावता येते आणि एक बेधडक उघडता येते. ती दोन घरे कोणती, आणि उरलेल्या चार घरांबाबत मी वर लिहिलेले चौपटीचे गणित लागू पडते की नाही, हे कारणासकट कळव. पाऊस ओसरला की मी साताऱ्याला येणारच आहे, पण उत्तर त्याआधी टपालाने येऊ दे. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि नातवाला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर