हिवाळ्याच्या सूचनेत पालिकेचीही कामे हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी चांगली जाणवू लागल्यावर नगरपालिकेची हिवाळ्याची सूचना येते, आणि ती वाचताना दरवर्षी एकच गोष्ट खटकते. नागरिकांनी काय करावे आणि काय टाळावे याची तीत सविस्तर जंत्री असते. पालिका स्वतः कोणते काम, कोणत्या तारखेला आणि कोणत्या क्रमाने करणार, याचा मात्र एका ओळीनेही उल्लेख नसतो. पालापाचोळा जाळू नका, वाहने रस्त्याच्या कडेला उभी करू नका, पाणी वाया घालवू नका, हे सारे योग्यच आहे आणि त्यातले बरेचसे आपण पाळत नाही हेही कबूल करायला हवे. माझी तक्रार सूचनेतील मजकुराबद्दल नसून तिच्या एकतर्फीपणाबद्दल आहे.

पालापाचोळ्याचेच पाहा. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, आणि त्याहून उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा पसरतो. त्यामुळे एरवी वर निघून गेला असता तो धूर सकाळी ऊन तापेपर्यंत घरांच्या उंचीवरच रेंगाळतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर याच कारणाने ५ ते ९ तारखेपर्यंत कोळशाच्या धुराचे दाट धुके साचून राहिले आणि तत्कालीन सरकारी अंदाजानुसारच सुमारे ४,००० माणसे दगावली. त्यानंतर १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा जो कायदा झाला, त्याने धूरनियंत्रण क्षेत्रात धुरावर बंदी तर आणलीच, पण घरातल्या शेगड्या बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक संस्थेने घरमालकाला परत द्यावा, अशी तरतूदही केली. बंदी घालणाऱ्याने पर्यायही दिला, म्हणूनच मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते. आमच्याकडे मात्र पाने जाळायला मनाई आहे आणि ती उचलणारी गाडी कोणत्या वारी येणार हे कोणालाच ठाऊक नाही. ढीग आठवडाभर पडून राहिला, गटाराच्या तोंडाशी जाऊन कुजला, की कोणीतरी पहाटे गुपचूप काडी ओढतोच. मी त्याचे समर्थन करत नाही. पण गाडीचा वार सूचनेत छापला असता तर निम्मे ढीग पेटले नसते, असे माझे मत आहे.

रस्त्यावरच्या दिव्यांबाबत एक बारीक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, म्हणून त्यानंतर सकाळी लवकर उजाडत असेल असे आपण गृहीत धरतो; प्रत्यक्षात वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर काही दिवसांनी, बहुतेक ठिकाणी जानेवारीत होतो. तेव्हा वर्षभर एकाच वेळेवर लावून ठेवलेले दिवे जानेवारीत नेमके अंधारातच मालवतात, आणि त्या अंधारात रस्ता झाडणारे कर्मचारी, कचऱ्याच्या गाडीमागे धावणारे मदतनीस आणि शाळेला निघालेली मुले चालत असतात. घड्याळाची कळ फिरवण्याचे हे काम, त्याला निधीची सबब चालणार नाही. खड्ड्यांचे मात्र तसे नाही, कारण हवा साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की गरम डांबर दाबून बसण्याआधीच निवते आणि केलेली दुरुस्ती उखडते. ते काम थंडीआधीच उरकायला हवे.

जिथे बर्फ पडतो त्या गावांत हा क्रमाचा प्रश्न आणखी तीव्र होतो. रुग्णालयाकडे जाणारे आणि बसचे रस्ते आधी, गल्ल्या नंतर, हा क्रम कोणीही समंजस माणूस मान्य करील. पण आपली गल्ली कितव्या क्रमांकावर आहे हे आधी कळले, तरच गाडी कुठे आणि कधी हलवायची हे ठरवता येते. नाहीतर पहाटे उठून दारासमोरचा बर्फ काढावा आणि तासाभराने पालिकेच्या यंत्राने रस्त्यावरचा सगळा बर्फ पुन्हा त्याच दारात लोटावा, असा खेळ चालू राहतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळ फुटतात, म्हणून उघड्यावरचे नळ गुंडाळून ठेवा ही सूचना रास्तच. मात्र रात्री नळ फुटला तर मुख्य झडप बंद करायला कोणाला बोलवायचे, हेही तिच्याखालीच लिहिलेले असावे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, ही एक सूचना मात्र जितक्या वेळा द्यावी तितकी थोडी. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो बेशुद्ध होतो. पण शेगडी पेटवायलाही ज्यांच्याकडे खोली नाही, त्यांच्यासाठी रात्रनिवारा कुठे आहे आणि किती वाजता उघडतो, हे पालिकेच्या संकेतस्थळावर टाकून काय उपयोग? तो पत्ता बसस्थानकावर, पुलाखाली आणि बाजाराच्या ओट्यांवर मोठ्या अक्षरांत लागला पाहिजे.

माझी विनंती एवढीच आहे की, पुढची सूचना थंडी सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी निघावी आणि तिच्या अर्ध्या पानावर पालिकेच्या कामांच्या तारखा व जबाबदार विभागाचा दूरध्वनी क्रमांक असावा. ती निघाल्यावर आपल्या वृत्तपत्राने दोन्ही अर्धी पाने शेजारी शेजारी छापावीत, आणि हिवाळा संपल्यावर तीच पाने पुन्हा एकदा छापून कोणत्या तारखा पाळल्या गेल्या ते दाखवावे.

आपला विश्वासू,
एक करदाता नागरिक