मधल्या दारातून दिसणारा टीव्ही

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा दादाचा फोन आला होता. दिवाळीच्या आत जुना टीव्ही देऊन नवा घ्यायचा, दुकानदार जुन्याचे पंधराशे द्यायला तयार आहे, असं म्हणत होता. बाबा, तुम्ही त्याला "तुम्ही दोघं ठरवा" म्हणून मोकळे झालात आणि आई, तू तर काहीच बोलली नाहीस. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, मध्येच कुणीतरी दारात येतं आणि विषय राहून जातो. म्हणून लिहायलाच बसले.

आधी माझं मत सांगते. आपला प्लाझ्मा टीव्ही देऊ नका. चालतोय तोवर चालू दे.

गणपतीत आले होते तेव्हा तुम्ही झोपल्यावर दोन रात्री मी टीव्हीसमोर का बसले होते, ते तुम्ही विचारलं नाहीत. मी त्याची तपासणी करत होते. लॅपटॉप जोडून पडदा आधी पूर्ण पांढरा केला, मग लाल, हिरवा, निळा, शेवटी काळा. मेलेला ठिपका एकही सापडला नाही. चौदा-पंधरा वर्षं झालेल्या टीव्हीसाठी ही फार चांगली गोष्ट आहे.

पण मला खरं काय ते कळलं तुझ्या पाटावर बसल्यावर, आई. तू टीव्ही कधी समोर बसून बघतच नाहीस. समोरची खुर्ची बाबांची, दिवाण आल्यागेल्याचा. तू मधल्या दारात पाट टाकतेस, मांडीवर गवारीचं ताट, एक कान कुकरकडे. मी तिथे बसून पाहिलं. पडदा अगदी तिरका दिसतो तिथून, इतका की उजवीकडची कड कपाटाआड जाते. तरीसुद्धा मालिकेतल्या सासूची डाळिंबी साडी डाळिंबीच दिसत होती आणि काळे केस काळेच. दादाकडच्या नव्या टीव्हीसमोर असंच बाजूला बसून बघ एकदा. चेहरे राखेसारखे होतात आणि काळ्याचा करडा होतो. दादा समोर सोफ्यावर बसतो, त्याला ते कधी जाणवणार नाही.

बाबा, यामागचं कारण तुम्ही वर्गात शिकवलेलंच आहे. पदार्थाच्या अवस्था शिकवताना तुम्ही फळ्यावर स्थायू, द्रव, वायू लिहायचात आणि चौथा शब्द वेगळ्या रंगाच्या खडूने. तोच हा प्लाझ्मा. व्हरांड्यातली जुनी ट्यूबलाइट जशी पेटते तसंच इथे चालतं. काचेच्या दोन तावांमध्ये बारीक बारीक कप्पे, त्यांत निऑन आणि झेनॉन वायू. त्यातून वीज वाहिली की अतिनील किरण निघतात आणि कप्प्याला आतून लावलेली भुकटी लाल, हिरवी किंवा निळी उजळते. आपल्या ४२ इंची पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके आहेत, प्रत्येकात तीन कप्पे. म्हणजे २३ लाखांहून जास्त ट्यूबलाइटी! प्रत्येक जण आपला उजेड आपण देतो, म्हणून कुठूनही बघा, रंग तोच. साध्या एलईडी टीव्हीत मागे दिवे असतात आणि पुढे लिक्विड क्रिस्टलचा पडदा तो उजेड अडवतो किंवा सोडतो, त्यामुळे बाजूने बघणाऱ्याला तो फिका पोचतो. १९६४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी विल्सन यांनी हा पडदा केला, तोही शिकवण्याच्या संगणकासाठी. हे वाचलं तेव्हा मला पहिली आठवण तुमची आली.

आता दोष. तो आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पांढऱ्या पडद्यावर खालच्या बाजूला मला एक मळकट पट्टा दिसला, आणि वर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन. तो पट्टा बातम्यांच्या सरकत्या ओळीचा आहे, चौकोन वाहिनीच्या चिन्हाचा. रोज तासन् तास तीच जागा तशीच उजळत राहिली की तिथली भुकटी बाकीच्यांपेक्षा आधी झिजते. काही डाग वरवरचे असतात, ते जातात. मी दुसऱ्या रात्री टीव्हीवर नुसतीच पूर्ण पडदाभर हलती चित्रं लावून ठेवली होती, सकाळी कोपऱ्यातला चौकोन बराच पुसट झाला होता. खालचा पट्टा मात्र जाणार नाही. मालिका किंवा मॅच बघताना तो डोळ्यांत येत नाही, एवढंच.

बाबा, तुम्ही बातम्या ऐकायला टीव्ही लावता की घरात आवाज असावा म्हणून, हे मला माहीत आहे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे फिरणं बंद झाल्यापासून दुपार मोठी झालीय तुमची. मी बातम्या बंद करा म्हणत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने वाहिनी बदला, आणि नुसता आवाज हवा असेल तेव्हा मी आणलेला रेडिओ लावा. सेटिंगमध्ये मी पिक्सेल ऑर्बिटर चालू करून ठेवलंय, त्याने चित्र न कळेल इतकं इकडेतिकडे सरकत राहतं. आणि चित्राची पद्धत 'डायनॅमिक'वरून 'सिनेमा' केली होती. मी निघाल्यावर तुम्ही ती परत बदललीत, आईने सांगितलं. पिवळट दिसतं म्हणालात ना? आठ दिवस राहू द्या, डोळा सरावतो. डायनॅमिक हे दुकानातल्या झगझगाटासाठी असतं. त्याने पडदाही लवकर झिजतो आणि वीजही जास्त जाते.

विजेचं म्हणाल तर दादाचा सगळा भर त्यावरच आहे, म्हणून मी प्लगला मोजायचं यंत्र लावून पाहिलं. प्लाझ्माची गंमत अशी की चित्र जितकं उजळ तितकी वीज जास्त. दिवसाच्या मॅचला, सगळं मैदान हिरवंगार उन्हात, दोनशे वॉटच्या जवळ. रात्रीच्या प्रसंगाला शंभराच्याही खाली. सरासरी १८० वॉट धरले आणि रोजचे सहा तास, तर महिन्याला ३२ युनिट होतात. नव्या ४३ इंची टीव्हीचे ७० वॉट धरले तर १३ युनिट. फरक साधारण २० युनिटचा. दहा रुपये युनिट धरलं तरी महिन्याला दोनशे रुपये. म्हणजे तीस हजारांचा टीव्ही विजेच्या बचतीतून फिटायला साडेबारा वर्षं लागतील. दादाला मी हा हिशोब पाठवलाय.

पडद्याची काच आरशासारखी आहे, ती अडचण खरी. चारनंतर पश्चिमेच्या खिडकीचा उजेड सरळ पडद्यावर येतो आणि आईला उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तो चमकारा फार लागतो. त्या खिडकीला जाड पडदा हवा. माप मी घेऊन ठेवलंय. आणि भिंतीपासून टीव्ही चार बोटं पुढे ओढा. मे महिन्यात मागची जाळी हाताला चटका देत होती, हवा खेळायला जागा नाही तिथे.

एक मात्र लक्षात ठेवा. कुणी कितीही घाई केली तरी टीव्ही आडवा झोपवून न्यायचा नाही. काच जड आहे, आडवी ठेवली तर स्वतःच्याच वजनाने तडकू शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये गावभागात पाणी शिरलं तेव्हा शेजारच्या दोन पोरांनी तो उभाच धरून माडीवर चढवला होता. खाली जिन्यात गुडघाभर पाणी, आणि बाबा, तुम्ही मागून "उभाच, उभाच" म्हणत होतात. सोफा गेला, गाद्या गेल्या, माझ्या शाळेच्या वह्या गेल्या. टीव्ही वाचला. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने तो षटकार मारला तेव्हा आपण अकरा जण या पडद्यासमोर होतो, त्यांतले आजोबा आणि काका आता नाहीत. याची किंमत पंधराशे रुपये, हे मला काही केल्या पटत नाही.

तो कायम टिकेल असं मी म्हणत नाही. पायोनियरने टीव्ही बनवणं थांबवलं, पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बंद केला, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये थांबले. नवा पडदा आता मिळणार नाही. पॉवर सप्लायचा बोर्ड बिघडला तर कपॅसिटर बदलून बहुतेक वेळा चालू होतो, तेवढं करून घ्यायचं. मागे एकाने न उघडताच "फेकून द्या" म्हणून सांगितलं होतं, त्याच्याकडे परत जाऊ नका. पण पडदाच गेला तर खर्च करायचा नाही, आणि भंगारवाल्यालाही द्यायचा नाही. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे मी पोचवीन.

नवा घ्यायची वेळ येईल तेव्हा आयपीएस पडद्याचा घेऊ, तो लिक्विड क्रिस्टलचाच एक प्रकार, तो बाजूने त्यातल्या त्यात बरा दिसतो. ओएलईडी दिसायला सगळ्यांत सुंदर, तोही प्लाझ्मासारखाच आपला उजेड आपण देतो, पण बातम्यांच्या पट्टीचा डाग त्यालाही पडतो आणि किंमत फार. आई, तेव्हा तू दुकानात यायचंस. पाट नसेल, पण बाजूला उभी राहून बघ आणि साडीचा रंग नीट दिसतो का ते तूच सांग.

दुकानदाराचा माणूस आला तर त्याला माझा नंबर द्या, मी बोलते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी पोचते आहे, खिडकीचा पडदा आणि एक स्टॅबिलायझर सोबत आणते. तिथे कुणाकडून घेऊ नका.

तुमची,
धाकटी