शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: भावी शिक्षकांना आधी ऐकायला शिकवा

माननीय शिक्षणमंत्री,
सविनय नमस्कार.

मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते. छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहायचे म्हणून माझे कितीतरी तास प्राथमिकच्या वर्गात शेवटच्या बाकावर जातात. तिथे पाहिलेला एक प्रसंग आधी सांगते, म्हणजे मागणी कशासाठी आहे ते कळेल.

दुसरीचा वर्ग. छात्राध्यापिकेने टाचण मन लावून लिहिले होते, चित्रे रात्री जागून रंगवली होती. ती म्हणाली, "फळ्यावरची वाक्यं उतरवण्याआधी तारीख घाला आणि समास आखा." तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाने लगेच वाक्ये उतरवायला घेतली. तिने तीच सूचना पुन्हा दिली, जरा मोठ्याने. तो उतरवतच राहिला. मग ती म्हणाली, "तुझं लक्ष कुठे असतं रे?"

त्याचे लक्ष तिच्याकडेच होते. वाक्य ज्या क्रमाने कानावर पडले त्या क्रमाने तो वागला. 'वाक्यं उतरवणं' पहिल्यांदा ऐकू आले, म्हणून ते पहिल्यांदा केले. 'आधी' या एका शब्दाने सगळा क्रम उलटतो, हे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. "तारीख घाला." थोडे थांबायचे. "आता समास आखा." पुन्हा थांबायचे. "आता वाक्यं उतरवा." एवढे केले असते तरी तो बाकीच्यांबरोबर असता.

तास संपल्यावर मी तिला हे उलगडून दाखवले. ती म्हणाली, "मॅडम, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही." तिचे खरे होते, आणि शिकवायचे काम आमचेच होते.

समावेशक शिक्षणाचा पेपर आमच्याकडे आहे. सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घ्या, असे सांगणाऱ्या १९९४च्या सालामांका जाहीरनाम्यावर ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी एकत्र आले होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातले शिक्षणाचे कलम २४ ते परीक्षेत अचूक लिहितात. अपंगत्वाचे प्रकार आणि त्यांची लक्षणे तर पाठच असतात. मग श्रवणयंत्र लावलेले मूल समोर बसलेले असताना हेच विद्यार्थी फळ्याकडे तोंड करून बोलत राहतात. मुलाला ओठ दिसत नाहीत, आवाज भिंतीवर आपटून येतो. पेपरात पैकीच्या पैकी मिळवलेल्यांनाही हे सुचत नाही.

आणि श्रवणयंत्र निदान दिसते तरी. विकासात्मक भाषा विकार दिसत नाही. मुलाला ऐकू येते, ते खेळते, हसते, पण भाषा समजायला आणि वापरायला त्याला कायम जड जाते. शंभरात साधारण सात मुलांना हा त्रास असतो, म्हणजे ३० मुलांच्या वर्गात सरासरी दोघांना. आपल्या वर्गातली ती दोघे कोण, हे किती नव्या शिक्षकांना सांगता येईल? त्यांच्या नावापुढे 'आळशी', 'लाजाळू', 'हट्टी' असे शेरे पडतात आणि वर्षानुवर्षे तसेच पुढच्या वर्गात जातात.

याच्या नेमकी उलट चूकही होते, आणि ती मला तितकीच बोचते. घरी वेगळी भाषा किंवा बोली बोलणारे मूल वर्गात गप्प बसले की त्यालाच 'भाषेत कच्चे' ठरवले जाते. खरा भाषा विकार मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. म्हणून पहिला प्रश्न घरच्यांना विचारायला हवा: घरी, तुमच्या भाषेत, हे मूल गोष्ट सांगते का? हा साधा प्रश्न विचारण्याचा सराव आम्ही एकाही छात्राध्यापकाकडून करून घेत नाही.

माझी मागणी नव्या पेपरची नाही. पेपर पुष्कळ झाले. प्रत्येक छात्राध्यापकाने आपल्या तासातली दहा मिनिटे ध्वनिमुद्रित करावीत आणि शब्दन् शब्द लिहून काढावीत. प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबलो, तेही मोजावे. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच दाखवून दिले की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच थांबणे तीन सेकंदांवर गेले की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. माझ्या काही विद्यार्थ्यांकडून मी हे करून घेतले. स्वतःचे बोलणे कागदावर पाहून त्यांना जे कळले, ते माझ्या व्याख्यानांनी कधीच कळले नव्हते. एका मुलाने सांगितले होते, "बाई, चेंडू... ते... त्याने... पडला." छात्राध्यापकाचे उत्तर होते, "नीट वाक्यात सांग." मूल गप्प. पुढच्या आठवड्यात तसेच झाले तेव्हा तो म्हणाला, "हो का, चेंडू त्याच्या हातातून पडला? मग काय झालं?" मुलाने पुढची तीन वाक्ये सांगितली. मोडकी होती, पण सांगितली.

हे एका आठवड्यात येत नाही. छात्रसेवाकालातले, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवण्याच्या काळातले, काही आठवडे एकाच वर्गात, त्याच मुलांबरोबर जायला हवेत. वाचा-भाषा तज्ज्ञाने महिन्यातून एकदा तरी त्या वर्गात यावे, छात्राध्यापकाशेजारी बसावे आणि दोघांनी मिळून पुढचा पाठ आखावा. मुलाला वर्गाबाहेर नेऊन उपचार करण्याइतकेच हे गरजेचे आहे, कारण मूल दिवसभर असते ते वर्गशिक्षकाजवळ. त्यासाठी तज्ज्ञांची पदे भरावी लागतील आणि खर्च येईल, याची मला जाणीव आहे.

एक गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे. सराव पाठ पाहताना आम्ही जो निरीक्षण तक्ता भरतो, त्यात फलकलेखनाला गुण आहेत, आवाजाला आहेत, शैक्षणिक साधनांना आहेत. त्या दिवशी त्या छात्राध्यापिकेला मी तिन्हींत चांगले गुण दिले, कारण तक्त्यात तेवढेच विचारले होते. त्यात आणखी एक रकाना घाला: 'या तासात कोणते मूल एकदाही बोलले नाही?'

आपली नम्र,
एक अध्यापक-प्रशिक्षक