नलकूबराची आई आणि मिसिसिपीतले वाणी

नाशिक,
रविवार

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. तू त्यात जो निकाल देऊन टाकला आहेस, तो खोडून काढायचा तर आधी काही चित्रपट पुन्हा पाहून घ्यावेत, असे मला वाटले. ‘हॉलिवूड म्हणजे आता नुसती संगणकाची करामत आणि चिनी सिनेमा म्हणजे सरकारी ढोल’ असे लिहून तू मोकळा झालास. कोर्टात तीस वर्षे काढलेल्या माणसाने साक्षीपुरावा न तपासता एवढा मोठा निकाल द्यावा, याचे मला नवल वाटले. म्हणून हे अपील.

‘नेझा’ या चिनी अॅनिमेशनपटाचा दुसरा भाग मी इथल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, तेव्हा आम्ही प्रेक्षक सगळे मिळून नऊ जण होतो आणि त्यातले दोघे तरी बहुधा एसीसाठी आले होते. हाच चित्रपट चीनमध्ये 29 जानेवारी 2025 रोजी, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवशी लागला आणि पाहता पाहता त्याने 2 अब्ज डॉलरचा आकडा ओलांडला. त्याआधी जगातल्या कुठल्याही अॅनिमेशनपटाने एवढी कमाई केली नव्हती, आणि यातला जवळजवळ सगळा पैसा एकाच देशातून आला. त्याचा दिग्दर्शक यांग यू हा ‘जिआओझी’ या टोपणनावाने ओळखला जातो. जिआओझी म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून उकडतात तो त्यांचा पदार्थ. आपल्याकडे एखाद्या दिग्दर्शकाने श्रेयनामावलीत ‘मोदक’ एवढेच नाव लावावे तसला हा प्रकार आहे. हा गृहस्थ शिकला औषधनिर्माणशास्त्र; पुढे ते सोडून साडेतीन वर्षे घरात बसून त्याने एकट्याने एक छोटा अॅनिमेशनपट केला. वडील गेलेले होते आणि घर चालत होते ते आईच्या महिना हजारेक युआनच्या निवृत्तिवेतनावर.

ही हकीकत मी मुद्दाम सांगतो आहे, कारण या चित्रपटातले जे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, ते आईचेच आहे. नेझा हा त्यातला बालनायक; त्याच्यावर असा शाप आहे की त्याच्या अंगातून काटे बाहेर येतात. कैद्यांना वितळवून त्यांच्या गोळ्या करणाऱ्या एका प्रचंड कढईत मायलेकरे अडकलेली आहेत. आई त्याला कवटाळते, काटे तिच्या अंगात रुतत जातात, आणि मिठी सैल होत नाही. या चित्रपटावर 138 कंपन्यांची मिळून चार हजारांवर माणसे राबली, पडद्यावर ड्रॅगन आणि राक्षसांची दलेच्या दले चालून येतात, आणि तरी एवढा सगळा पसारा एका मिठीपाशी येऊन थांबतो. ही करामत संगणकाची आहे हे मला मान्यच आहे. पण तो संगणक कशासाठी राबतो आहे, तेही पाहशील की नाही? दोष सांगायचे तर पहिल्या तासातले ओकारीचे आणि लघवीचे विनोद मला मुळीच रुचले नाहीत, आणि शेवटची लढाई निम्म्यावर आणली असती तरी कुणी तक्रार केली नसती.

आता तुझ्या घरचीच एक गोष्ट सांगतो. तुझे अण्णा चातुर्मासात हरिविजय वाचायचे आणि आपण दोघे प्रसादाच्या आशेने शेवटच्या ओळीत बसायचो, ते आठवते? त्यातला उखळाचा प्रसंग आठव. यशोदा कृष्णाला बांधू जाते, दावे दर वेळी दोन बोटे कमीच पडते, शेवटी तो बांधला जातो आणि उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांच्या मधून निघतो. ते वृक्ष कडाडून पडतात आणि त्यांतून नारदाच्या शापातून सुटलेले कुबेराचे दोन पुत्र बाहेर येतात, नलकूबर आणि मणिग्रीव. तर हा नेझा म्हणजे मुळात तो नलकूबर, असे अभ्यासक मानतात. बौद्ध ग्रंथांबरोबर वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर, चीनमध्ये जाऊन शस्त्रधारी लोकपाल झाला. पुढे ली जिंग नावाच्या तांगकालीन सेनापतीशी त्याची सांगड घातली गेली. आणि मुलाचे नाव चिनी तोंडात झिजत झिजत नेझा झाले. मिंग काळातल्या ‘फेंगशेन यानयी’ या कादंबरीत त्याची आज सांगितली जाणारी कथा आहे. चित्रपट पाहताना मला यातले काही ठाऊक नव्हते. घरी येऊन वाचले, तेव्हा त्या नऊ जणांच्या चित्रगृहात आपल्याच आळीतला कुणीतरी वेश पालटून भेटून गेला, असे वाटले.

हॉलिवूडच्या बाजूने मी एकच साक्षीदार उभा करतो, तो म्हणजे रायन कूगलरचा ‘सिनर्स’. 1932 सालचे मिसिसिपीतले क्लार्क्सडेल गाव, शिकागोहून परतलेले दोन जुळे भाऊ, एका दिवसात उभा केलेला नाचगाण्याचा अड्डा, आणि रात्री दारात येऊन आत बोलावण्याची वाट पाहणारे रक्तपिपासू. वर्णन ऐकून तू नाक मुरडशील, म्हणून रक्ताचे बाजूला ठेवून त्यातल्या किराणा दुकानाचे सांगतो. चाऊ हे चिनी जोडपे एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन दुकाने चालवते, एक काळ्या गिऱ्हाइकांसाठी आणि एक गोऱ्यांसाठी. मुलगी आईला बोलवायला एका दुकानातून निघून रस्ता ओलांडते आणि कॅमेरा न तुटता तिच्या मागोमाग जातो. भाषण नाही, खुलासा नाही; पंधरा-वीस पावलांत त्या समाजाची सगळी मांडणी कळते. हे वाणी कुणाच्या कल्पनेतले नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर मळ्यांवर मजुरीसाठी आणलेल्या चिन्यांनी पुढे त्या मुलखात किराणा दुकाने काढली, आणि त्यांच्यातल्या एका मुलीला गोऱ्यांच्या शाळेत बसू न देणे कायदेशीर आहे, असा निकाल 1927 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. निकालांचा विषय तुझा, म्हणून आठवण केली.

त्या अड्ड्यात एका धर्मोपदेशकाचा मुलगा गिटार घेऊन गाऊ लागतो आणि गाणे चढत जाते, तसे त्या गर्दीत गेलेल्या आणि पुढे येणाऱ्या पिढ्यांचे लोक येऊन नाचू लागतात. आफ्रिकेतले वादक येतात, विजेची गिटारवाला येतो, आजचा डीजे येतो, आणि चाऊ जोडप्याच्या अवतीभवती चिनी संगीत नाटकातले रंगवलेल्या चेहऱ्यांचे नट गिरक्या घेतात. गाणे काळ्यांचे आहे, पण त्या दुकानदारांचेही पूर्वज बोलावण्याचा मोठेपणा त्यात आहे, आणि मला तो फार भावला. इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. विदेशी चित्रपटांना मध्यंतर नसते, ते आपले चित्रगृहवाले आपल्या मर्जीने पाडतात. आमच्या खेळाला ते या गाण्याची शेवटची थाप विरायच्या आत पाडले गेले, दिवे लागले, आणि पॉपकॉर्नवाला पोरगा ‘चीज की कॅरामल?’ म्हणत पुढ्यात उभा राहिला.

शेवटी दाराबाहेरच्यांना आत बोलावते ती ग्रेस चाऊ. माझ्या पुतण्याने तिच्यावर फार राग काढला, की हिच्या एका हाकेमुळे सगळे मेले. मला ते पटत नाही. नवरा गेलेला आहे आणि बाहेरचे लोक तिच्या मुलीचे नाव घेऊन धमकावत आहेत; अशा वेळी शहाणपणाने विचार करीत बसणारी आई पटकथेत शोभली असती, खरी वाटली नसती.

तुझ्या बाजूनेही काही आहे, ते नाकारत नाही. 2021 सालचा कोरियन युद्धावरचा ‘द बॅटल अॅट लेक चांगजिन’ हा सरकारी ढोलच आहे, आणि तोही जवळजवळ तीन तास वाजणारा. महामानवांच्या अमेरिकी मालिकांबद्दल तर मी तुझ्याहून कडवट बोलेन. अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या ‘ओपनहायमर’वरून मात्र आपले जमायचे नाही. गीतेतल्या श्लोकावरून आपल्याकडे उठलेल्या गदारोळात तू अडकून पडलास आणि बॉम्ब पडल्यावर सभागृहात पाय आपटून होणारा तो जयजयकार, जो त्या माणसाच्या कानात हळूहळू किंकाळीसारखा होत जातो, तो तू ऐकलाच नाहीस.

आणि ढोल तर सोडच, जिथे शब्दसुद्धा जपून वापरले आहेत असा चिनी चित्रपट हवा असेल, तर ‘ब्लॅक डॉग’ पाहा. ग्वान हू याच्या या चित्रपटाला 2024 साली कान महोत्सवात ‘अन सर्टन रिगार्ड’ विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले. 2008 साल, गोबी वाळवंटाच्या कडेचे ओस पडत चाललेले गाव. बीजिंग ऑलिंपिक तोंडावर आले म्हणून भटकी कुत्री पकडायची मोहीम निघालेली. तुरुंगातून सुटून आलेला एक अबोल तरुण त्या पथकात नोकरीला लागतो आणि त्याला चावलेल्या, पिसाळलेला म्हणून बदनाम झालेल्या काळ्या कुत्र्याशीच त्याचे जुळते. ऑलिंपिकचा झगमगाट त्या गावापर्यंत पोहोचतो तो एवढाच, कुत्री धरण्यापुरता. सरकारी चौकटीत राहून हे सांगायला केवढे कसब लागते, ते तू बघ. नायकाचे काम करणाऱ्या एडी पेंगने चित्रीकरण संपल्यावर तो कुत्रा आपल्या घरीच नेला.

पुढच्या महिन्यात तू लग्नासाठी येणारच आहेस, तेव्हा एक रात्र माझ्याकडे काढ आणि हा चित्रपट आपण दोघे मिळून पाहू. तोवर एक काम कर. अण्णांची पोथी माळ्यावरच्या पेटीत असेल. ती काढून नलकूबराच्या सुटकेचा अध्याय कोणता ते कळव. मी पाचवा म्हणतो. चुकलो तर सकाळची मिसळ माझ्याकडून. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव